सात-एकशे चौदा

डिचोलीच्या बसस्टँडमागे, झिलू मांद्रेकरच्या दुकानात
खाली झेरॉक्स, माळ्यावर चार संगणक आणि एक पंखा.
आन्सेल्मने पुरावा मांडला तेव्हा
मी पाव-भाजी खात होतो.

पुरावा असा :
'डीप फेरस'च्या तिसऱ्या भागात, बंद पडलेल्या खाणीत
लिफ्टच्या डाव्या अंगाला, जिथे कुणीच वळत नाही
कारण तिथे ना शस्त्र ना औषध,
एक जेवणाचा डबा आहे.
डब्यावर आकडा, ७-११४.
आणि 'कॉर्डन नाइन'च्या पहिल्याच भागात
(वेगळी कंपनी, वेगळा देश, आठ वर्षं आधी)
यानाबाहेर एक प्रेत तरंगतं, त्याच्या छातीवर बिल्ला.
नीट बघ, म्हणाला.
मी पडद्यावर उडालेला रस्सा बोटाने पुसला.

"पळय, हो तोच मरे!"

म्हणजे आधी मेला
आणि आठ वर्षांनी डबा विसरायला आला?
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जसे आमचे गणिताचे शेट मास्तर बघत.
"गेम आधी निघाला
म्हणून गोष्टही आधी घडली, असं कुणी सांगितलं तुला?"

त्या दिवसापासून शंभरपानी वही.
दोन्हीकडे आकाशात दोन चंद्र, एक फुटका.
दोन्हीकडे दरवाजाचा आवाज एकच,
घरंगळत येणारा, शेवटी उचकी लागलेला.
दोन्हीकडे कॉफीचं यंत्र बंद. हे मी लिहून घेतलं नाही,
ती यंत्रं कुठल्याही विश्वात बंदच असतात.

झिलू खालून ओरडला,
"आवाज विकत मिळतात रे, गठ्ठ्याने!
एकाच दुकानातून दोघांनी नेला.
माझ्याकडून नाही का अख्खी शाळा
एकच निबंध छापून नेत?"

आन्सेल्म तीन दिवस फिरकला नाही.
चौथ्या दिवशी आला, चप्पल न काढता माळ्यावर चढला.
"दुकान एक असेल," म्हणाला,
"तर विश्वही एकच झालं ना?"

आमच्या अंगणात पप्पांचा टिपर उभा होता,
खाण बंद झाली त्या दिवसापासून तसाच.
टायरांत भेंडीच्या रोपांएवढं गवत,
दारावर खाणीने घातलेला पांढरा आकडा.
मी बॅटरी घेऊन रात्री बघून आलो. दोनदा.
२१२.
सात नाही, चौदा नाही, काहीच नाही.
पप्पा पायरीवर बसले होते. काय शोधतोस, विचारलं नाही.
ते स्वतः रोज तिथे काहीतरी शोधत असत.

खाण बंद झाल्यावर माणसं कुठे जातात
हे गेममध्ये कुणी सांगत नाही. लिफ्ट वर येते,
गुण मोजले जातात, पुढचा ग्रह सुरू.
आन्सेल्मचं उत्तर तयार होतं :
कागद बदलले की मालिका बदलते.
मला वाटलं तो ७-११४बद्दल बोलतोय.
त्याच आठवड्यात त्याच्या आजोबांचा जन्मदाखला
पणजीच्या कुठल्याशा कपाटातून निघाला होता,
पोर्तुगीजमध्ये, वाळवीने कडा खाल्लेला.

आता तो स्विंडनला, एका गोदामात.
रात्रपाळी. खोकी इकडची तिकडे.
वही माझ्याकडे ठेवून गेला,
'डीप फेरस'चा चौथा भाग आला तर बघ म्हणून.
आला. डबा नव्हता.
डब्याच्या जागी भिंत होती, नवी, रंगवलेली.
हे मी त्याला अजून कळवलेलं नाही.

परवा त्याचा फोन आला, जेवणाच्या सुट्टीत.
थंडीबद्दल बोलला, कुणा पोलिश बाईने दिलेल्या मोज्यांबद्दल,
आईच्या गुडघ्याबद्दल.
मागे कुठेतरी शटर उघडलं.
घरंगळत, घरंगळत,
आणि शेवटी ती उचकी.

थांब, मी म्हटलं, त्यांना सांग परत उघडायला.

"किदें?" तो म्हणाला.
"कसलो आवाज?"