खिसा

जाब्लोनेत्सजवळ, काचेच्या बटणांच्या आमच्या कारखान्यात
मुख्य कचेरीनं एक पेटी पाठवली : 'कल्पना इथे टाका.'
तीन महिन्यांनी उघडली, तर आत
दोन चॉकलेटचे कागद, एक तक्रार
आणि कुणाचं तरी तुटलेलं बटण.

मग रंगीत खुर्च्या आल्या. प्रागहून एक पाहुणा आला,
म्हणाला, चौकटीबाहेर बघा.
आम्ही खिडकीच्या चौकटीबाहेर पाहिलं. बर्फ.

योलाना भट्टीपाशी तेवीस वर्षं.
बिघडलेला माल मोडीत टाकायचा, हा नियम.
नवा फोरमन ओल्द्रिख एकदा तिच्याशेजारी
डबा उघडून बसला, सहज म्हणाला,
"एप्रनचा खिसा एवढा जड कशानं?"

ती कावरीबावरी.
मग टेबलावर ओतलंच सगळं :
वाकडी, बुडबुडे अडकलेली,
हिरव्यात निळ्याचा ओघळ उतरलेली,
एक तर चक्क कुणी शिंकल्यासारखं.

त्यानं वहीत काही लिहिलं नाही.
एकेक उजेडात धरत राहिला. सूप गार झालं.
"हे जसं चुकलं," त्यानं विचारलं,
"तसंच पुन्हा चुकवता येईल?"

दुसऱ्या दिवशी एक फळी रिकामी केलेली.
पाटी नाही, बक्षीस नाही.

आठवड्याभरात
माझाही खिसा हलका झाला.