दाणाओळी, रात्री एक ते चार

दारावर रामसनेही.
सहा वर्षं ओळखतो मला, तरी रजिस्टर पुढे सरकवतो :
नाव, वेळ, काम.
कामाच्या रकान्यात मी लिहिते, पंखा.
फायरवॉल लिहिलं की विचारतो, आग कुठे लागली.

पतसंस्थेच्या जिन्याखाली
जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांना टेकून ती पेटी.
अकरा वर्षं डोळ्याला डोळा नाही.
महिनाभर तिचा पंखा
जात्यात खडा आल्यासारखा वाजतोय,
आणि मे महिन्यातलं ग्वाल्हेर
रात्री एकलाही सदतीसवरून खाली उतरत नाही.

आधी नियमांची प्रत पेनड्राइव्हवर.
मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर, कारण पहिल्यावर माझा भरवसा नाही.
मग वायरींना चिठ्ठ्या :
मुरार. डबरा. दतिया. बाहेरचं जग.
बाहेरचं जग निळ्या वायरीतून येतं.

बटण दाबलं. पंखा फिरत फिरत थांबला
आणि जिन्याखाली इतकी शांतता झाली
की रामसनेही वर डोकावून गेला.

नळाच्या पाइपाला हात लावून अंगातली वीज सोडली.
चार स्क्रू. पाचवा कुणीतरी आधीच हरवलेला.
आत खाणींची पिवळट भुकटी,
खालच्या दुकानातला धण्याचा कोंडा,
गजकच्या दिवसांतले दोन तीळ,
आणि एक लांब पांढरा केस.
हिने अकरा वर्षं चोर अडवले.
धूळ तेवढी ओळखीची म्हणून आत घेतली.

प्रोसेसरवरचा लेप
सहाणेवर विसरलेल्या गंधासारखा तडकलेला.
स्पिरिटने पुसला, नवा लावला, तांदळाच्या दाण्याएवढा.
जास्त घातला की माया नाही, चिकटा होतो,
असं शिरढोणकर काका म्हणायचे.
ही पेटी त्यांनीच जुळवली, नियमही त्यांचेच.
गेल्या संक्रांतीला ते गेले.

चार जीबीच्या जागी सोळा.
दतियासाठी चार पोर्टांचं नवं कार्ड,
दोनदा तिरकं बसलं, तिसऱ्यांदा टक्‌ वाजलं.
कुरकुरणारी डिस्क काढून एसएसडी.
हिचा आवाजच नाही.
हिचं दुखलंखुपलं कळायचं कसं?

दोन चाळीस. पेटी उठली.
सगळे दिवे हिरवे, बोगदा एकही नाही.
मुरार नाही, डबरा नाही, दतिया नाही.
तारीख बघितली तर
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
त्या दिवशी दतियाची शाखाच नव्हती.
आमची प्रमाणपत्रं अजून जन्मायची होती.

तेव्हा आठवला नियम एक्केचाळीस.
शेऱ्यात फक्त : काढू नये. भा. शि.
कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं,
म्हणून होळीच्या साफसफाईत मीच काढला होता.
एवढीशी फट होती ती,
बाहेरून वेळ तेवढी आत यायची.
बॅटरी कधीची मेलेली. काकांना माहीत होतं.
मला कळायला आज वीज बंद करावी लागली.

सोळा जीबी आणली होती मी, एसएसडी, कार्ड, पंखा.
रुपयाएवढी बॅटरी नव्हती आणली.
सोनेतारणाच्या टेबलावर छोटा काटा असतो,
त्याच्या पोटात तीच.
रामसनेही म्हणाला, लिखना पड़ेगा.
लिहिलं : काट्याची बॅटरी एक, उसनी, सोमवारी दहाच्या आत.

नियम एक्केचाळीस परत जागेवर.
शेऱ्याखाली माझा शेरा :
वेळेसाठी. खरंच काढू नये.
आधी मुरार उजळलं, मग डबरा.
दतियाने चहा पिऊन आल्यासारखा उशीर केला.

पाचवा स्क्रू माझ्या डबीतला लावला, रंग जुळत नाही.

दारावर रजिस्टर. बाहेर पडण्याची वेळ.
माझ्या फोनमध्ये चार वाजून दोन,
रामसनेहीच्या मनगटावर चार वाजून नऊ.
पंखा चल गया, बिटिया?
चल गया.
मी चार नऊ लिहिलं.