रकाना नऊ

आधी पाऊस आला, मग वारा,
मग दोन दिवस नुसतं पांढरं.
ऑक्टोबरचा पहिला आठवडा. गुरांच्या अंगावर
अजून उन्हाळ्याचीच लव होती.
वाऱ्याला पाठ देऊन ती चालत राहिली कुंपणापर्यंत,
आणि मग कुंपणावरूनही,
कारण बर्फ कुंपणाएवढा झाला होता.

आता माझ्या खिडकीशी रांग आहे.
डाकोटातल्या या काउंटीत माणसं नऊशे, गुरं किती ते मोजतोय अजून.
ऑफिसात दोन खुर्च्या, एक हीटर.
कॉफी मी घरून आणते, ती मदतीत बसत नाही.

अर्ज पाच पानी.
गाय. वळू. वासरू, चारशे पौंडांखालचं, चारशेवरचं.
बाजारभावाच्या शेकडा पंचाहत्तर.
पुरावा म्हणून फोटो, नाहीतर
ज्याचा तुमच्याशी पैशाचा संबंध नाही असा साक्षीदार.
"या काउंटीत?" ऑर्विल श्टेके म्हणाला,
"असा माणूस तुम्हीच दाखवा."

फोनमध्ये नातीचा वाढदिवस,
आणि पुढच्याच फोटोत ओढ्यात एकमेकींवर पडलेल्या गाई.
बोट सरकवता सरकवता ते थांबतात.
मी तेव्हा प्रिंटरकडे बघते.

व्हर्लिन हॉगस्टाडने खिशातली वही काढली.
एकसष्ट बिल्ले, पेन्सिलीने.
दोनशे बारा, जुळी द्यायची.
तीनशे चाळीस, बायकोने बाटलीवर वाढवलेली.
चारशे सतरा, फाटकाची कडी जिभेने उघडणारी, गाभण.
तो वाचत गेला,
मी लिहीत गेले: गाय. गाय. गाय.

तीन आठवड्यांनी पुन्हा आला, चाळीस मैल गाडी हाकून.
टोपी हातात.
"एक कमी करा. चारशे सतरा आली."
अकरा मैलांवर कुणाच्या तरी गंजीत तोंड घालून जगली होती,
कानांची टोकं गळलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा,
आणि पोटातलं अजून हलतंय.

मी आवाज खाली आणला.
म्हटलं, व्हर्लिन, अर्ज वर गेलाय.
दुरुस्ती घातली की साठांचेही पैसे अडकतील,
वसंतापर्यंत. बँक थांबेल का तुझी?
एका गाईने सरकार बुडत नाही.

तो हीटरकडे बघत राहिला.
"सरकारचं मला माहीत नाही," म्हणाला,
"पण रोज सकाळी कडी ती उघडते.
तिच्याकडे बघायचं कसं?"

दुरुस्तीचा फॉर्म काढला.
रकाना नऊ: बदलाचं कारण.
जागा दोन शब्दांची.
मी लिहिलं, चालत आली.

महिन्याने कागद परत आला,
वर लाल शिक्का: कारण अस्पष्ट.
बाहेर पुन्हा बर्फ पडत होता, हलका.
मी नवा फॉर्म घेतला
आणि तेच लिहिलं,
जरा मोठ्या अक्षरात.