तिसरा कप

मळ्यात काटा माझ्याकडे.
टोपली टांगायची, आकडा लिहायचा,
पोत्याचं तोंड शिवायचं. पोतं कुठं जातं
ते पावतीवर असतं, मी वाचत नाही.

पौषात एक बाई आली, एसटीनं,
परतवाड्याला गाडी बदलून.
अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकते,
नाव वोर्किनेश, गाव इथिओपियात, काफाच्या डोंगरात.
आमझरीचं धुकं अजून उठलं नव्हतं.
ती कॉफीच्या झाडाशी गेली, पान उलटं करून पाहिलं,
जसं सासरी दिलेल्या पोरीचं
मनगट पाहतात,
बारीक तर नाही झाली.

सोमती कास्देकर तोडणीवर होती.
एकोणतीस हंगाम तिची बोटं लाल,
घरी मात्र गुळाचा कोरा चहा.
"कशी लागते रे भाऊ ही?" तिनं मला विचारलं.
मी लग्नात प्यालेलो, फेसाची, मशीनची.
ती ही नसावी.

संध्याकाळी सोमतीच्या घरी बसलो.
नमुन्याच्या डब्यातली मूठ मी दिली,
हिशेबात नसलेली.
भाकरीच्या तव्यावर दाणे तडकले,
वोर्किनेशनं धूर ओंजळीनं नेला
एकेकाच्या नाकाशी, आधी सासऱ्याच्या.
"वणवा," म्हातारा म्हणाला. "पण गोड."
ऊद आहे का, तिनं विचारलं.
सोमतीनं निखाऱ्यावर सालईचा डिंक टाकला
आणि ती बाई मटकन खाली बसली.
आईच्या घरात हाच वास असतो, म्हणाली.
मक्याच्या लाह्या फुटत होत्या. त्याही तिकडं लागतात,
कॉफीसोबत.
भांडं तेवढं वेगळं. तिथं लांब मानेची काळी सुरई,
इथं कान तुटलेलं जर्मनचं गंज.

एकाच भुकटीला तीन उकळ्या, तीन कप, तीन नावं.
पहिल्याचं नाव अबोल.
कोणी बोललं नाही. लय कडू होता बाप्पा.
दुसरा तोना.
म्हाताऱ्याला टोणा ऐकू आलं,
"भुमकाला इचारून पेतो," म्हणत त्यानं कप खाली ठेवला.
सगळे हसले, तीही हसली,
अर्थ कळायच्या आधी.

मग सोमतीनं विचारलं, "तुमच्याकडं कोणी लावली?"
"कोणी नाही. जंगलातच असते. पाखरं पेरतात."
"मंग मोहासारखी."
मोह म्हणजे काय, हे कोणालाच सांगता येईना.
सोमतीनं कणगीमागून सुकी फुलं काढली,
तिच्या तळव्यावर ठेवली.
तिनं एक चावलं, बराच वेळ चावलं.
"हा कोणी लावला?"
"मोह का कोणी लावत असते व माय!"

माझ्या रजिस्टरात झाडं ओळीनं आहेत,
ओळीला नंबर, नंबराला उतारा.

तिसरा कप सोडून उठू नये म्हणे.
शेवटची एसटी खाली घाटात वाजून गेली,
ती उठली नाही.
"बरका," तिनं नाव सांगितलं.
"बरकत," मी म्हणालो.
"तेच," म्हणाली.
पाणचट होता, तळाशी गाळ.
मी गाळासकट प्यालो.

सकाळी ती पहिल्या गाडीनं गेली.
दुपारी काट्यावर
सोमतीची टोपली मूठभर कमी भरली.
तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.
मी आकडा पूर्ण लिहिला.