टिंबांच्या जागी

सतरा खुणा होत्या त्या नोटिशीत.
$दुकान, $नाव, $गाव, $गावठाण, $रक्कम,
बाकीच्यांची आठवणसुद्धा नको.

माझ्या आधीचा माणूस लिहून गेला होता:
दुकान शोध, भर. पुन्हा वरून.
नाव शोध, भर. पुन्हा वरून.
गाव शोध, भर.
'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत
एका कागदाला सतरा येरझाऱ्या,
आणि कागद दोन लाख चाळीस हजार.
मरोळच्या ऑफिसात रात्री नऊला लावलेलं काम
सकाळी लादी पुसायला मावशी आल्या
तरी चाललेलंच.

मग कमळाकर भानजींचा फोन.
"बाय, आमी सात पिढ्या वेसाव्यात.
ह्ये वेसावेठाण कुठं हाय गो?"

शोधलं. गाव आधी धावलं होतं,
गावठाणातलं गाव गिळून
मागे नुसतं ठाण ठेवून गेलं होतं.
आणि जोगेश्वरीच्या एका पारेखांनी
पाटीवर हौसेनं डॉलर काढलेला:
$नावीन्य साडी सेंटर.
त्यांना नोटीस गेली
पारेखीन्य साडी सेंटरच्या पत्त्यावर.
भरलेल्या शब्दातही आम्ही पुन्हा
रिकामी जागा शोधत होतो.

मला अण्णा आठवले.
धोबीतलावला, लघुवाद कोर्टाबाहेर,
स्टुलावर टाइपरायटर.
'मी, अमुक अमुक, वय सज्ञान, धंदा तमुक,
प्रतिज्ञेवर सांगतो की'
हे त्यांना पाठ.
डावीकडे पक्षकाराची चिठ्ठी, तिच्यावर वजनाला कुलूप.
अमुक आला की नजर चिठ्ठीवर,
तमुक आला की चिठ्ठीवर,
बोटं मात्र पुढेच.
कागद मागे ओढलेला त्यांना खपायचा नाही.
"एकदाच वाच, पण वाच," म्हणायचे,
आणि चहा गार व्हायचा.

रात्री सगळं पुसून पुन्हा लिहिलं.
चिठ्ठी एक: खूण आणि तिचा अर्थ.
खुणांत लांब ती आधी,
म्हणजे गावठाण आधी, मग गाव.
वरून खाली एकच फेरी.
खुणेपर्यंतचा मजकूर उचलायचा,
नव्या कागदावर ठेवायचा,
त्यापुढे चिठ्ठीतला शब्द,
आणि ठेवलेल्याकडे वळून बघायचं नाही.

अकरा मिनिटं.
मी पंख्याकडे बघत बसले.
काही बिघडलं असणार असंच वाटत होतं.

एकतीस कागद मात्र अडले,
चिठ्ठीत त्यांची जन्मतारीखच नव्हती.
साहेब म्हणाले, एक जानेवारी टाक, सगळे टाकतात.
अण्णा अशा वेळी टिंबं तशीच ठेवायचे.
मीही खूण तशीच ठेवली,
आणि यादी काढून साहेबांच्या टेबलावर.

पंधरवड्यानं पुन्हा भानजी.
"नाव बरोबर. गावठाण बरोबर.
पन बाय, ही रक्कम?"

काका, रक्कम वरून येते.
मी फक्त जागा भरते.