टेल्गानचा नावाडी

पोर्थग्वेन, वेल्सचा किनारा; सहावं शतक

लोक सांगतात, बिशप टेल्गानपुढे लाट गुडघे टेकायची.
वल्हं माझ्या हातात होतं. मला विचारा.
बेट येईपर्यंत त्याचं डोकं पोहऱ्यात,
दाढीला सकाळची पेज.
मधूनच विचारायचा, "ब्रानोक, किती राहिलं?"
"आलंच," मी म्हणायचो.
निम्मंसुद्धा झालेलं नसायचं.

बेटावर माणसं सातच. त्यातली एक म्हातारी ठार बहिरी.
तिला तो शुभवर्तमान हातांनी सांगे:
मासा, भाकर, खिळा.
खिळ्यापाशी ती हसायची. का, कुणास ठाऊक.

एकदा आभाळ बघून म्हटलं, उद्या जाऊ.
पोहरा आधीच त्याच्या काखेत.
"भीती उद्याही असेल," म्हणाला,
"म्हातारी असेल का?"

थंडीत गेला.
बेटावरच पुरायचं ठरलेलं; मीच नेला.
नावेत आडवा, पहिल्यांदाच गप्प.
मधल्या ओढीला सवयीनं
माझ्या तोंडून निघालं, "आलंच."

आता खडकावर प्रार्थनाघर उठतंय.
भिंत रंगवणारा विचारत होता,
हातात काय देऊ, दंड की ग्रंथ?
पोहरा, म्हटलं.
त्याला थट्टा वाटली.