मनगट

साक्रीहून आणली तिला मेंढरांच्या टेम्पोत,
सुपडू ठेलारीच्या मांडीवर डोकं ठेवून.
काबरी. दोनदा लांडगा पळवलेली
आणि एका मोटारसायकलपुढे हरलेली.
डावा पाय टेकवला की मनगट
पार जमिनीला लागायचं,
सुतळी ढिली पडलेल्या बाजेसारखं.

मी सांगितलं, हा सांधा आता सांधा ठेवायचा नाही.
आतली गुळगुळीत कूर्चा खरवडायची,
हाडाला हाड भिडवायचं, वरून पट्टी, आठ स्क्रू.
तो बराच वेळ टेबलावरच्या
प्लास्टिकच्या सांगाड्याचा पाय वाकवत राहिला.
"कायमना ताठ?"
कायमचा.
"पन चाली ना?"

चालेल, हाडांनी एकमेकांना ओळखलं तर.
हे मनातच.
पारोळ्याच्या त्या डॉबरमनची हाडं
पाच महिने शेजारी राहून अनोळखीच राहिली,
सैल झाले ते स्क्रू.

म्हणून या वेळी तिच्याच मानेतून रक्त घेतलं,
यंत्रात गरगर फिरवलं. मधेच लाईट गेली.
जनरेटर खोकून सुरू होईपर्यंत
आम्ही दोघं थांबलेल्या चकतीकडे बघत.
मग पुन्हा. नळीत वर पिवळं पाणी, खाली गडद तांबडं,
आणि मधल्या पुसट रेघेत म्हणे सगळं बळ.
"तिनंच रगत शे ना?"
बाहेरचं काही नाही म्हटल्यावर
तो पहिल्यांदा भिंतीला टेकून बसला.

खांद्याजवळच्या हाडातून चमचाभर चुरा काढला,
दादरच्या कण्यांसारखा, पण लाल, ओला.
त्यात रेघेसकट ते पिवळं पाणी कालवलं.
याने गुण येतो का? पुस्तकं आपसात भांडतात,
मी दोन्ही बाजू वाचल्यात.
तरी फटीत बोटाने दाबून भरत होते,
आई चुलीची भेग लिंपायची तशी,
पुन्हा पुन्हा, गरजेपेक्षा जास्त.

नवव्या आठवड्यात, भर वैशाखात, परत आले.
फिल्म खिडकीला धरली. धुळ्याचं ऊन आरपार.
काळ्या फटीच्या जागी धूसर पांढरं,
साय धरण्याआधीच्या दुधासारखं.
बाहेरच्या कडेला एक काळी रेघ अजून बाकी.
ती मी त्याला दाखवली. त्याने पाहिली नाही.

तो दाराकडे कान देऊन होता.
फरशीवर टक्, टक्, टक्,
आणि चौथा जरा निराळा आवाज.

टेम्पोत चढताना ती क्षणभर अडली,
मनगटाला वाकायचं आठवलं असेल.
मग खांद्यातून उचललं सगळं अंग.
आतली मेंढरं थोडी सरकून उभी राहिली.